लिव्हरपूलचे कापूस-दलाल सॅम्युअल स्मिथ

प्रश्न : दादाभाई नौरोजींच्या लेखनात सॅम्युअल स्मिथ या लिबरल खासदाराचा उल्लेख आढळला. ते मूळचे कापसाचे व्यापारी होते असे कळते. मग हिंदुस्थानविषयीच्या त्यांच्या कळवळ्यामागे लँकेशायर या इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या परगण्याचा स्वार्थ नव्हता का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : शंका रास्त आहे, कारण स्मिथ प्रथम इकडे आले ते कापसासाठीच. १८३६ मध्ये स्कॉटलंडच्या दक्षिण भागात जन्मलेले स्मिथ एडिंबरो विद्यापीठात काही काळ शिकून १८५३ मध्ये लिव्हरपूलच्या एका कापूस-दलालाकडे उमेदवारीला लागले. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडच्या कापसाची आवक आटली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. तेव्हा अमेरिकेची उणीव हिंदुस्थान भरून काढील काय, हे पाहण्यासाठी मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाने १८६२-६३ च्या हिवाळ्यात त्यांना पाठवले.

पश्चिम हिंदुस्थानातून येणाऱ्या कापसाला लँकेशायरमध्ये सरसकट ‘सुरत’ म्हणत. त्याचा धागा आखूड, वारंवार तुटणारा. शिवाय गाठींत सरकी, कचरा आणि कधी वाळूही निघे. मजुरी तयार मालावर मिळत असल्याने धागा तुटला की कामगाराचा रोज बुडे. भेसळ इतकी बोकाळली होती की, मुंबई सरकारला १८६३ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. मुंबईचे व्यापारी कापसाच्या तेजीच्या नशेत असताना, हा देश अमेरिकेची जागा घेऊ शकेल याविषयी स्मिथ यांनी शंका व्यक्त केली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईतील कित्येक बँका व कंपन्या बुडाल्या. मँचेस्टरला जे ऐकायचे होते ते न सांगण्याइतका हा माणूस सचोटीचा होता, हे येथेच दिसते.

१८८२ मध्ये ते लिव्हरपूलमधून पार्लमेंटात गेले, १८८५ मध्ये तेथे हरले आणि पुढच्याच वर्षी वेल्समधील फ्लिंटशायरमधून निवडून येऊन सुमारे वीस वर्षे तेथेच टिकले. दरम्यान हिंदुस्थानचा दुसरा दौरा करून त्यांनी १८८६ मध्ये ‘कंटेम्पररी रिव्ह्यू’त येथील दारिद्र्याविषयी लिहिले. मद्रासचे माजी गव्हर्नर ग्रँट डफ यांनी त्याचे खंडन केले आणि ग्रँट डफना दादाभाईंनी १८८७ मध्ये सविस्तर उत्तर दिले. आपण वाचलेला उल्लेख बहुधा याच वादातला असावा.

स्वार्थाचा प्रश्न मात्र आबकारीच्या, म्हणजे दारूवरील सरकारी उत्पन्नाच्या, प्रकरणात खऱ्या अर्थाने निकाली निघतो. दारूविक्रीचा मक्ता लिलावात द्यायचा, मक्तेदाराने भरलेली रक्कम वसूल करण्यासाठी होईल तितकी दारू खपवायची आणि सरकारी तिजोरी फुगत राहायची, हा व्यवहार मुरलेल्या व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. एप्रिल १८८९ मध्ये या धोरणाचा निषेध करणारा ठराव स्मिथ यांनी कॉमन्स सभेत मांडला आणि तो १०३ विरुद्ध ११३ मतांनी संमतही झाला. दुकाने त्यामुळे बंद झाली नाहीत. तरीही सरकारचा असा पराभव ही साधी गोष्ट नव्हती. त्यात लँकेशायरचा कोणताही फायदा नव्हता. या लढ्यामागे त्यांची कडवी ख्रिस्ती धर्मनिष्ठा होती आणि धर्मप्रसाराचीही त्यांना तितकीच आस्था होती. त्यामुळे त्यांना आपल्या राष्ट्रवाद्यांच्या पंक्तीत बसवणे बरोबर नाही. ब्रिटिश राज्य जावे असे त्यांना वाटत नव्हते, ते न्यायाने चालावे असे वाटत होते. डिसेंबर १९०६ मध्ये, दादाभाईंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले असतानाच, कोलकात्यात त्यांचे निधन झाले.