तारलीचा नुसता मासा कधी झाला?

अगं, तू लिहिलेलं पुस्तकाचं परीक्षण काल रात्री वाचलं. मजा आली, पण पहिल्याच पॅरात पुस्तक "एसीत बसून लिहिलेलं" म्हणून मोकळी झालीस ना, ते आधी काढ. लेखक कुठे बसला होता याच्याशी आपल्याला काय करायचंय.

मुद्दा तो मोबाईल आणि मासळीवाल्या चॅप्टरचा. पुस्तक म्हणतं, मोबाईल आला, मच्छीमाराला भाव कळला, गरिबी हटली. असं मूळ संशोधनात आहे का? अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सनचा पेपर 2007 चा, तो काढ आणि नीट वाच. त्यात उत्तर केरळचे तीन जिल्हे आहेत, 1997 ते 2001, आणि मासा एकच, तारली, म्हणजे सार्डिन. एका किनाऱ्यावर तारली फेकून द्यायची वेळ यायची आणि त्याच सकाळी 15 किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या बाजारातून गिऱ्हाईक रिकाम्या पिशवीने परत जायचं, कारण बोट समुद्रात असताना कुठे काय भाव चाललाय ते कळायलाच मार्ग नाही. मोबाईलचे टॉवर सगळीकडे एकदम नाही, टप्प्याटप्प्याने आले, म्हणून आधी-नंतरची तुलना जमली. निकाल काय, तर मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्के वाढला, लोकांना तारली 4 टक्के स्वस्त झाली आणि नासाडी जवळपास थांबली. चांगलाच रिझल्ट आहे गो! पण 8 टक्क्यांना गरिबी हटली म्हणत नाहीत. पुस्तकात येईपर्यंत जिल्हे गेले, वर्षं गेली, तारलीचा नुसता "मासा" झाला. टीका इथे कर, आणि ती पुस्तकावर, तू जेन्सनलाही उगाच धोपटलंयस.

आता तू लिहिलेलं हर्णै बंदराचं. बोटवाल्याने व्यापाऱ्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली असेल तर मासळी त्यालाच द्यायची, मग फोनवर दुसरीकडचा भाव कळून उपयोग काय, हे तुझ्या अख्ख्या लेखातलं सगळ्यात भारी आणि ते तू शेवटी दोन ओळीत उरकलंस! जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल या संशोधकांचा 2013 चा पेपर केरळातल्याच मच्छीमारांवर आहे, त्यांनीही उधारीचे आणि व्यापाऱ्याशी असलेले संबंध असेच पुढे आणले, तेही वाच. फक्त हर्णैवरून केरळ खोटं ठरवू नकोस हां.

आणि नाखवा, म्हणजे बोटवाला, सांगेल तेवढंच लिहू नकोस, व्यापाऱ्यालाही विचार, उचल किती, कशासाठी, बुडाली तर काय. लिलावाच्या आधी जा, एकदा बोटी लागल्या की कोण तुझ्याशी बोलत बसणारे. पेपरची प्रिंट माझ्याकडे आहे, दापोलीत आलीस की घेऊन जा.