शिकाऊ हातासाठी आरएक्स 100 : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे 1994 सालची यामाहा आरएक्स 100 आहे. सतरा वर्षांच्या धाकट्या भावाला मातीत गाडी चालवायला शिकायचे आहे. गावाबाहेर आमचेच पडीक रान आहे, तिथेच तो चालवणार. गॅरेजवाला म्हणतो, पोर्टिंग करू (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या कोरून मोठ्या करू), हेड (सिलिंडरचे झाकण) घासू आणि रेसिंग सायलेन्सर लावू, म्हणजे इंजिन मातीसाठी तयार होईल. हे काम करून घ्यावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : करून घेऊ नये. गॅरेजवाल्याने सांगितलेली तिन्ही कामे शर्यतीच्या गाडीवर होतात, त्यात तो चुकीचे काही सांगत नाही. पण ही तिन्ही कामे एकत्र केली की इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांकडे, म्हणजे इंजिन वेगात फिरते तिकडे सरकते, आणि शिकणाऱ्याला ती हवी असते खालच्या फेऱ्यांत. हे 98 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन मुळातच मिनिटाला 7500 फेऱ्यांना 11 अश्वशक्ती देते आणि गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास आहे. आरएक्स चालवलेल्या कोणालाही विचारा, ती काही अंतर गुमान चालते आणि मग एकदम उचलते. डांबरी रस्त्यावर त्यात मौज आहे; भुसभुशीत मातीत, वळणावर, क्लच अजून हातात न बसलेल्या मुलाचे मागचे चाक नेमके त्याच क्षणी निसटते.

पोर्टिंगचे थोडे सविस्तर सांगतो, कारण ते काम उलटवता येत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टनच उघडतो आणि तोच झाकतो, त्यामुळे खिडकीची कड किती उंचीवर आहे यावर इंजिनाचा सगळा स्वभाव ठरतो. एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या खिडकीची, वरची कड केवळ एक मिलिमीटर वर नेली, तर 50 मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या धावेच्या) या इंजिनात तो पोर्ट दर फेरीत चार ते पाच अंश जास्त उघडा राहतो. वेगात फिरणाऱ्या इंजिनाला त्याचा फायदा होतो. सावकाश फिरणाऱ्या इंजिनात मात्र दाब लवकर सुटतो आणि ताजे मिश्रण न जळताच सायलेन्सरच्या वाटेने निघून जाते. सिलिंडरखाली जाड गॅस्केट टाकण्याचा उपाय कोणी सुचवला, तर त्यानेही सगळ्याच खिडक्या वर सरकतात, हे लक्षात असू द्या. मी स्वतः कॉलेजात असताना एका गॅरेजमध्ये हौसेने पोर्टिंग करून घेतले होते. त्यानंतर ती गाडी चढावर पहिल्या गिअरमध्येही कुरकुरायची, आणि अखेर दुसरा सिलिंडर शोधत फिरावे लागले.

रेसिंग सायलेन्सरचेही तसेच आहे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर केवळ आवाज दाबत नाही. त्यातून परत येणारी दाबाची लाट बाहेर निघालेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते, आणि ती लाट कोणत्या फेऱ्यांना वेळेवर पोहोचेल हे त्याच्या लांबीवर अवलंबून असते. शर्यतीचा सायलेन्सर वरच्या फेऱ्यांसाठी बेतलेला असतो. मूळचाच राहू द्या. फक्त आतली जाळी काढून साठलेला कार्बन साफ करून घ्या, जुनी आरएक्स तेवढ्यानेही सुधारते.

आता करण्याजोगी कामे. पहिले काम इंजिनाबाहेरचे आहे. पुढच्या स्प्रॉकेटचा (साखळीच्या दातेरी चक्राचा) एक दाता कमी करा. समजा पुढे 14 दाते असतील आणि 13 केले, तर गिअरिंग सात-आठ टक्क्यांनी आखूड होते आणि क्लच न घासता गाडी माणसाच्या चालीने चालवता येते. याहून जास्त आखूड करू नका, कारण मग पहिल्या गिअरमध्ये पुढचे चाक उचलू लागेल.

दुसरे काम थ्रॉटलला मर्यादा घालण्याचे. यामाहाच्याच पीडब्ल्यू 50 या लहान मुलांच्या गाडीत थ्रॉटलपाशी एक स्क्रू असतो. तो पालकाने जितका फिरवावा तितकीच मूठ फिरते. आरएक्समध्ये तशी सोय नाही, पण कार्ब्युरेटरच्या स्लाइडवरच्या (मूठ फिरवली की वर सरकून हवेची वाट उघडणाऱ्या तुकड्यावरच्या) स्प्रिंगच्या आत, केबलभोवती, मापाची छोटी नळी बसवली की स्लाइड ठरावीक उंचीच्या वर जात नाही. पहिले दोन महिने अर्ध्या उंचीवर ठेवा, मग नळी थोडी थोडी आखूड करत न्या. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मूठ सोडून पाहा. प्रत्येक वेळी स्लाइड खट्कन खाली बसल्याचा आवाज आला पाहिजे. तो आला नाही, तर गाडी भावाच्या हाती देऊ नका.

एअर फिल्टर काढून 'मोकळी हवा' देण्याचा मोह मात्र टाळा. हवा वाढली की मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते; पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो, आणि मातीतली धूळ सिलिंडरवर कानशीसारखी फिरते ती वेगळीच. पंधरा-वीस मिनिटे चालवल्यावर प्लग काढून पाहा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक भोक) बरोबर आहे. पांढुरका असेल तर एक माप मोठा मेन जेट घाला.

भावाला एक सवय पहिल्याच दिवशी लावा : डाव्या हाताचे एक बोट कायम क्लचवर. टू-स्ट्रोक इंजिन सीझ होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो, तेव्हा मागचे चाक जाम होते, आणि क्लच दाबायला अर्धा सेकंदही मिळत नाही. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून इंजिनाने गाडी रोखू नका, कारण या गाडीतला ऑइल पंप थ्रॉटलला जोडलेला आहे आणि मूठ बंद असताना जोरात फिरणाऱ्या इंजिनाला ऑइल अगदी थोडे मिळते. अधूनमधून मूठ जराशी उघडावी.

गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नका. मोटार वाहन कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला 50 सीसीपेक्षा मोठी मोटारसायकल चालवता येत नाही, आणि तो पकडला गेला तर पालक व गाडीचा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. रानापर्यंत गाडी टेम्पोतून न्या.

प्रश्न : ऑइल पंपावर विश्वास नको, तो काढून पेट्रोलमध्येच टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल मिसळावे, असे मित्र सांगतात. प्रमाण किती ठेवावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पंप नीट चालत असेल तर तो काढू नका, केबलने पंपावरची खूण जुळवून घेतली आणि ऑइलची टाकी भरलेली ठेवली की तो चोख काम करतो. काढलाच, तर एका लिटरला 30 मिलिलिटर, म्हणजे साधारण 33 ला 1, हे प्रमाण मातीतल्या वापराला ठीक आहे. जास्त ऑइल घातल्याने इंजिन जास्त सुरक्षित होते, हा मात्र गैरसमज आहे. जेटमधून जाणारा द्रव तेवढाच असतो. त्यात ऑइल वाढले की पेट्रोल घटते आणि मिश्रण उलट पातळ होते. म्हणून प्रमाण बदलल्यावर प्लगचा रंग पुन्हा पाहावा.