जकात शून्य झाली, पुढे काय?

प्रश्न असा आहे की देशादेशांतली जकात काढली की उत्पादकता आपोआप वाढते, की त्याला राजकीय एकत्रीकरणही लागतं? जकात हा त्यातला सोपा भाग. युरोपातल्या सहा देशांनी आपापसांतली जकात 1968 मध्येच संपवली, तरी माल नियमांवर अडतच राहिला.

कासिस द दिजाँ या फ्रेंच लिकरचंच घ्या. त्यात अल्कोहोल 15 ते 20 टक्के, आणि तेव्हाच्या जर्मन कायद्याला फळांच्या लिकरमध्ये किमान 25 टक्के हवं असे. (कमी दारू असल्यामुळे दारूवर बंदी!) 1979 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की एका देशात रीतसर विकला जाणारा माल दुसऱ्याने सबळ कारणाशिवाय अडवू नये. पण प्रत्येक वस्तूसाठी कोर्टात कोण जाणार? समान मानकं ठरवायची तर सगळ्यांची संमती लागे, म्हणजे एकाचा नकारही पुरे. 1987 पासून बाजारपेठेच्या बहुतेक नियमांना विशेष बहुमत चालू लागलं (करांना नाही), म्हणून 1993 ची एकल बाजारपेठ उभी राहिली. राजकारण लागतं ते इथे.

एकच मानक असलं की कारखान्याला एकाच मालाचे चार प्रकार काढावे लागत नाहीत, सुटे भागही स्वस्त पडतात. पण मोठा फायदा होतो तो कमकुवत कंपन्या बंद पडून माणसं आणि भांडवल चांगल्या कंपन्यांकडे गेल्यावर. दुखतंही तिथेच. ही हालचाल झाली नाही तर नुसत्या स्वस्त पैशाने उलटं होतं: युरोमुळे स्पेनमध्ये व्याजदर उतरले, पैसा बांधकामात गेला आणि उत्पादकता रखडली.

आकडे बघताना दोन चुका हमखास होतात. समजा उत्पादकतेची पातळी एकदाच 6 टक्क्यांनी वर गेली, पण त्याला 15 वर्षं लागली, तर दर वर्षी 0.4 टक्के जादा वाढ दिसते; तो वेग कायमचा नसतो. दुसरी चूक युरोपीय संघातल्या प्रवेशाच्या वर्षापासून मोजण्याची. चेकिया संघात आला 2004 मध्ये, पण जर्मनीची फोक्सवॅगन तिथल्या श्कोडा या मोटार कंपनीत 1991 लाच शिरली होती.

उलटा प्रयोग संघ सोडणाऱ्या ब्रिटनचा. 2021 पासूनही उगमाचे नियम पाळणाऱ्या (म्हणजे पुरेसा याच देशांत बनलेल्या) मालावर जकात शून्यच आहे. वाढले ते सीमाशुल्काचे अर्ज, मांसमच्छीची आरोग्य प्रमाणपत्रं आणि दुहेरी चाचण्या. जकात शून्य असूनही तिथल्या अर्थसंकल्पीय अंदाज कार्यालयाने दीर्घकाळात उत्पादकता, संघात राहिलो असतो त्यापेक्षा, 4 टक्के कमी धरली.