रंगकामानंतर चार्जिंग बंद : आरबी१०६ रेग्युलेटर बदलण्याआधी अर्थिंग तपासा

आपल्या गाडीत लुकास कंपनीचा सी३९ डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आहे, पत्रा नव्याने रंगवल्यावर आरबी१०६ रेग्युलेटर (डायनॅमोचे व्होल्टेज आवरणारा बॉक्स) परत बसवला, आणि आता रेस वाढवली की इग्निशनचा दिवा विझण्याऐवजी आणखी प्रखर होतो व बॅटरी चार्ज होत नाही, म्हणून त्याऐवजी आरबी३४० हा दुसरा रेग्युलेटर घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो घेऊ नये; आधी रेग्युलेटरच्या ‘ई’ टर्मिनलची अर्थ (गाडीच्या बॉडीशी असलेली विद्युत जोडणी) तपासावी.

या रेग्युलेटरमधील व्होल्टेजची कॉइल आणि कटआउटची (डायनॅमोला बॅटरीशी जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचची) कॉइल या दोन्ही ‘ई’मधूनच अर्थ होतात. ती वाट तुटली की कटआउटचे पॉइंट जुळत नाहीत आणि बॅटरीकडे करंट जात नाही. शिवाय फील्डला (डायनॅमोत चुंबकत्व निर्माण करणाऱ्या कॉइलला) आवर घालणारे पॉइंटही उघडत नाहीत. फील्ड कॉइल मात्र डायनॅमोच्या बॉडीतूनच अर्थ होत असल्यामुळे व्होल्टेज वेगाबरोबर चढतच राहते, आणि बॅटरी व ‘डी’ (डायनॅमोकडून येणारे टर्मिनल) यांच्यामध्ये जोडलेला दिवा त्या फरकावर पेटतो. अशा स्थितीत उगाच रेस देऊ नये, डायनॅमो जळू शकतो.

रंगाचा थर विद्युतरोधक असतो आणि पावडर कोटिंग तर फारच चिवट. ‘ई’ची वायर जिथे बॉडीला लागते, तिथला रंग वॉशरच्या आकाराइतकाच खरवडून पत्रा उघडा करावा, दातेरी वॉशर घालून स्क्रू घट्ट करावा आणि गंज चढू नये म्हणून वरून पेट्रोलियम जेली लावावी. मग इंजिन चालू ठेवून ‘ई’ आणि बॅटरीचे अर्थ केलेले टोक यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावावा. रीडिंग जवळजवळ शून्य हवे.

आरबी३४० ला आरबी१०६ प्रमाणे ‘ए’ (बॅटरीकडे जाणारे) आणि ‘ए१’ (गाडीतील इतर उपकरणांकडे जाणारे) टर्मिनल नसतात, आणि त्यातील स्वतंत्र करंट कॉइल विशिष्ट डायनॅमोसाठी जुळवलेली असते. २२ अँपिअरच्या सी४० डायनॅमोसाठी जुळवलेला रेग्युलेटर १९ अँपिअरच्या सी३९ कडून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट काढू देतो. हुबेहूब जुन्यासारखा दिसणारा, पण आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला बॉक्स घेणार असाल, तर गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह, हे आधी पाहावे.

रेग्युलेटर उभा, टर्मिनल खाली ठेवून आणि एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर बसवावा, कारण तापमानानुसार त्याचे व्होल्टेज बदलते. शेवटी ‘ए’ व ‘ए१’च्या वायर काढून एकमेकींना जोडाव्यात आणि ‘डी’ व ‘ई’मध्ये व्होल्टमीटर लावावा, रेस हळूहळू वाढवल्यावर २० अंश सेल्सिअसला काटा १६.० ते १६.६ व्होल्टवर स्थिरावला पाहिजे. ही तपासणी अर्ध्या मिनिटात उरकावी, कारण कॉइल तापली की रीडिंग चुकते.