घरी ग्रिल नसताना उन्हाळ्यात फळं भाजून सोपं गोड कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की रविवारी आठ माणसं जेवायला आहेत, घरात ओव्हन नाही, ग्रिल नाही, आणि व्हिडिओ बघून अननस तव्यावर टाकला तर तो भाजायच्या ऐवजी उकडला. मग वरून साखर भुरभुरली, ती करपली.

उकडला, कारण तो ओला होता. रस गळणारी चकती तव्यावर ठेवली की तवा आधी ते पाणी आटवत बसतो, आणि पाणी आहे तोवर तिथली उष्णता १०० अंशांच्या वर चढत नाही. खरपूस तांबूस रंग यायला त्याहून बरीच जास्त लागते. चकत्या सुती फडक्यात दोन्हीकडून टिपून घ्या आणि एका वेळी तीनच ठेवा. तवा गच्च भरलात की पुन्हा तेच होणार.

आम्ही सांगलीचे. मे महिन्यात इथं दुपारी गॅससमोर उभं राहवत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी बहिणीची मुलं पुण्याहून सुट्टीला आली तेव्हा संध्याकाळी मी गच्चीवर शेगडी मांडली. दर थंडीत हुरड्याची आगटी पेटवणारा माणूस मी, फळं भाजायला काय अक्कल लागते, असा तोरा होता. कलिंगडाच्या फोडी जाळीवर ठेवल्या, त्यांचं पाणी निखाऱ्यांवर पडलं आणि नुसता धूर. पपई मऊ होऊन जाळीतून खाली गेली. कोळसा लवकर धरावा म्हणून माळ्यावरचं जुनं रॉकेल वापरलं होतं, त्यामुळे अननसाला स्टोव्हचा वास. आणि हे कमी म्हणून वळीव आला. सगळा संसार गोळा करून खाली पळालो, तर आईनं भाकरीसाठी बिडाचा तवा तापत ठेवला होता. उरलेल्या चार चकत्या त्यावर टाकल्या. त्या दिवशी खाण्यालायक झालं ते तेवढंच. नंतरच्या भाकऱ्या गोड लागल्या, ते मात्र मला दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं.

तेव्हापासून मी तवाच वापरतो. शेगडी हवीच असेल तर कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, रॉकेल अजिबात नको, आणि बंद खोलीत किंवा दारं लावलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवू नका, त्याचा वायू जिवावर बेततो.

आता अननस. घेताना बुडाचा वास घ्या. वास नसेल तर दोन दिवस घरात ठेवून काही उपयोग नाही, अननस तोडल्यानंतर गोड होत नाही. आंब्यासारखी त्याला अढी लागू पडत नाही. साल काढून डोळे तिरप्या खाचा मारून काढा आणि साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. मधला दांडा आधी काढू नका, त्यानंच चकती उलटताना एकसंध राहते. ताटात वाढताना काढा.

तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्या, पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत पळाला पाहिजे. तूप तव्यावर ओतू नका, चकतीला बोटानं चोळा, एका चकतीला पाव चमचा पुरतं. लोणी नको, ते लवकर जळतं. ठेवल्यावर तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. सारखं उलथनं घालून बघत बसलं तर ती चिकटते आणि रंग तव्यावरच राहतो. स्वतःहून सुटली की उलटा, दुसरी बाजू तीन मिनिटं. उतरवताना चिमूटभर मीठ आणि थोडी मिरपूड. मीठ टाळू नका, त्याशिवाय ते नुसतं गरम फळ लागतं.

बरोबर आईस्क्रीम देता येईल, पण मी चक्का देतो. डेअरीतून अर्धा किलो आणायचा, त्यात पाच-सहा चमचे पिठीसाखर आणि जायफळ घालून फेटायचं आणि गार करायचं. श्रीखंडाइतकं गोड करू नका, कारण वरून काकवी येणार आहे.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पाडव्याला एकदा माझं सगळं भांडं कडू झालं होतं. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं आणि ते दुधातली प्रथिनं तोडतं. कच्चे तुकडे श्रीखंडात मिसळून फ्रीजमध्ये ठेवलेत तर काही तासांत ते पातळ होतं आणि कडवट लागायला लागतं. आपण उगाच दह्याला दोष देतो. ७०-८० अंशांच्या पुढे हे विकर निकामी होतं, म्हणून अननसाचा शिरा कधी कडू होत नाही. भाजलेला अननस चक्क्याबरोबर चालतो तो याच कारणानं, पण तो आतपर्यंत तापलेला हवा. वर छान पट्टे उमटले आणि मध्ये गार राहिला, तर उपयोग नाही. चकती जाड नको, हे मी त्यासाठीच म्हणालो. उरलेलं तरी एकत्र करून ठेवू नका, वेगळंच ठेवा.

साखर करपायचं कारणही सोपं आहे. साखर १६० अंशांच्या पुढे वितळून तांबूस होते, आणि भाकरीचा तवा २०० सहज ओलांडतो. गोड नेहमी फळ खाली उतरवल्यावर. आमच्याकडे त्यासाठी काकवी. उसाचा रस काहिलीत आटत असताना गुळाइतका घट्ट व्हायच्या आधी काढून घेतात ती. गुऱ्हाळं थंडीत चालतात, तेव्हाच एक बाटली आणून ठेवतो, मेपर्यंत आरामात टिकते. तुमच्याकडे मिळत नसेल तर पन्नास ग्रॅम गूळ दोन-तीन चमचे पाण्यात विरघळवून गाळा आणि मधासारखा दाट होईपर्यंत आटवा. चव तीच येत नाही, पण काम भागतं.

वरून बेदाणा. तासगावचा बेदाणा आमच्या घरात मोजून कोणी खात नाही, गणपती पेठेतून किलोनंच येतो. (सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्यातल्या कोणालाही संधी मिळाली की हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) मूठभर बेदाणा कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, निथळा आणि चमचाभर तुपात फुगेपर्यंत परता.

अननस महाग वाटला तर केळं घ्या. खरं सांगायचं तर मुलांना केळंच जास्त आवडलं. पिवळं, काळे ठिपके न पडलेलं, बोटाला जरा घट्ट लागणारं. साल न काढता उभं चिरा, कापलेल्या बाजूला तूप लावून ती बाजू तव्यावर पालथी घाला. अडीच-तीन मिनिटं बास. सालीमुळे ते मोडत नाही, आणि वाढताना तीच वाटी होते. वर काकवी, ओलं खोबरं, वेलचीपूड. शिकरणीचा तो थोरला भाऊ समजा.

बाकी फळांचं थोडक्यात. चिकूचा लगदा होतो. कलिंगड गार खा, त्याच्या नादी लागू नका. तोतापुरी जरा कच्ची असेल तर झकास भाजली जाते, तिला मीठ-तिखट लावा. हापूस भाजणाऱ्याला आमच्या घरी पुन्हा बोलावत नाहीत.

तुमच्या आठ जणांसाठी दीड किलोचा एक अननस, त्याच्या आठ-दहा चकत्या होतात, आणि चार केळी. चक्का सकाळीच फेटून फ्रीजमध्ये. अननस तासभर आधी चिरून चाळणीत निथळत ठेवा, खाली जमलेला रस पिऊन टाका. जेवणं उरकत आली की तवा ठेवा, तीन-तीनच्या तीन घाण्यांना पंचवीस मिनिटं धरा, आणि उतरेल तसं गरम वाढत जा, सगळ्यांना एकदम द्यायच्या हट्टात पहिल्या चकत्या गार होतात. तवा भाकरीचाच असेल तर भाकरी आधी करून घ्या.