नोकरी सांभाळून एमएसडब्ल्यू: फिल्डवर्कचं आधी बघ

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करायची तर फी किती, पुस्तकं कोणती, हे सगळं नंतर. आधी फिल्डवर्कचं, म्हणजे लोकांत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाचं बघ. नियमित कॉलेजात आठवड्याचे साधारण दोन दिवस संस्थेत किंवा वस्तीत जातात. दहा ते सहाच्या नोकरीत ते कुठून आणणार? म्हणून आपल्यासारखे बरेच जण इग्नूकडे, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या दूरस्थ अभ्यासक्रमाकडे वळतात. तिथे किमान २ वर्षं, कमाल ४. मी तीन घेतली आणि त्याची लाज वाटली नाही.

पण दूरस्थ म्हणजे घरबसल्या, असं समजू नकोस. फिल्डवर्क तिथेही चुकत नाही. प्रवेश घेण्याआधीच घराजवळची, रविवारी किंवा संध्याकाळी चालणारी संस्था शोध: अभ्यासिका, व्यसनमुक्ती गट, वृद्धाश्रम, काहीही. मार्गदर्शकाला कामाच्या वेळा स्पष्ट सांग आणि तारखा लेखी ठरवून घे. मी तोंडी ठरवलं, दोन महिने वाया गेले.

अहवाल मात्र त्याच रात्री लिही. वृद्धाश्रमातल्या आजी काय म्हणाल्या, तू काय उत्तर दिलंस, कुठे गडबडलीस, सगळं. आठवड्याने लिहिलं की फक्त 'भेट दिली, समस्या जाणून घेतल्या' एवढंच उरतं आणि परीक्षकाला ते लगेच कळतं. व्यक्तिसहाय्य कार्याचा (एकेका व्यक्तीला मदत करण्याच्या पद्धतीचा) पेपर मला या वहीनेच तारला.

सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरात असतात. रजा आत्तापासून साठव. ऑफिसात सांगायचं की नाही? साहेब बघून ठरव. मी सांगितलं नव्हतं. आणि हो, स्वाध्याय लोकलमध्ये लिहिता येत नाहीत, वाचन तेवढं होतं.