पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच राहते, अशा वेळी फॉरमॅट मारावा का?

तुम्ही लिहिलंय की घरचा डेस्कटॉप काल रात्री नीट बंद केला होता. आज बटण दाबलं की दिवा लागतो, पंखाही फिरतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. ओळखीच्या एकांनी फॉरमॅट मारायला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायला सांगितलंय, आणि आत मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत, ज्यांची दुसरी कॉपी कुठेच नाही.

फॉरमॅट मारू नका. कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नको.

कारण साधं आहे. बटण दाबल्यावर आधी एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, मदरबोर्डला (सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डाला) वीज मिळते. मग बायोस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम, जागं होतं आणि प्रोसेसर, रॅम (तात्पुरत्या मेमरीची पट्टी), ग्राफिक्स जागेवर आहेत का ते तपासतं. ते जमलं की स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतो, आणि त्यानंतर कुठे डिस्क शोधून विंडोज उघडायला सुरुवात होते. तुमच्याकडे लोगोसुद्धा येत नाही, म्हणजे गाडी बहुधा त्याच्या आधीच अडली आहे. डिस्कची पाळी आलेलीच नाही, मग डिस्क पुसून काय मिळणार? फोटो बहुधा जिथे होते तिथेच सुखरूप आहेत.

आधी एक छोटी परीक्षा करा. कॉम्प्युटर चालू करून मिनिटभर थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दोन-तीनदा दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत काम चालू आहे, फक्त चित्र पोचत नाहीये. मग मॉनिटरची केबल दोन्ही बाजूंनी काढून परत घट्ट बसवा, मॉनिटरचा इनपुट योग्य आहे का बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावलेली हवी. साफसफाई करताना ती मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये गेली की स्क्रीन काळी राहू शकते.

कॅप्स लॉक ढिम्म असेल तर माझा पहिला संशय रॅमवर. पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, अशी जेवढी मशीन मी उघडली त्यांतली बरीचशी रॅम काढून बसवल्यावर सुरू झाली. एसएमपीएसचं बटण बंद करा, पॉवर केबल ओढून काढा आणि चालू करायचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटचं झाकण उघडल्यावर आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. रॅमच्या टोकाची क्लिप बाहेर दाबली की पट्टी वर उचलली जाते. तिला कडांनी धरा. खालच्या सोनेरी दातांवर पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा, कचरा झटकून टाका. बसवताना पट्टीतली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. ‘टक्’ असा आवाज येऊन क्लिप आपोआप मिटली पाहिजे. तो आवाज आला नाही तर पट्टी बसलेली नाही, मग ती दिसायला कितीही सरळ दिसो.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर एकच पट्टी लावायची तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतात. आणि रॅम डीडीआर५ या नव्या प्रकारची असेल तर अदलाबदल केल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, तेवढ्यात घाबरून बंद करू नका.

आजकालच्या अनेक बोर्डांवर कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं). ज्यावर दिवा अडून राहतो तिथे घोडं अडलंय. दिवे नसतील तर बीपचे आवाज मोजा आणि बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत त्यांचा अर्थ बघा, कारण प्रत्येक कंपनीचे बीप वेगळे.

एसएमपीएस मात्र कधीही खोलू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज उरलेली असू शकते. बिघडला तर बदलायचा.

मी एवढं कळकळीने का लिहितोय तेही सांगतो. घरच्या एका कॉम्प्युटरला मधेच निळी स्क्रीन येऊन तो परत परत रीस्टार्ट व्हायचा. विंडोज बिघडलं असं धरून मी फॉरमॅट मारला. नवीन विंडोज टाकताना अर्ध्यावर तीच निळी स्क्रीन आली! मग रॅमच्या पट्ट्या एकेक करून पाहिल्या, तर दोनातली एक खराब निघाली. पट्टी बदलायला दोन मिनिटं लागली. पण वडिलांनी दोन वर्षं रोज थोडं थोडं टाइप केलेलं आठवणींचं लिखाण त्याच डिस्कवर होतं, ते गेलं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यानंतर कुणाच्याही मशीनला हात लावण्याआधी ‘यात ठेवण्यासारखं काय आहे?’ हे मी आधी विचारतो.

रॅमनंतर लोगो आला पण ‘बूटेबल डिव्हाइस नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज आला, तर आधी एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का पाहा. मग बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का बघा. तारीख-वेळ मागे गेलेली असेल तर बोर्डावरचा बटणाएवढा सेल संपलाय, त्याचा नंबर बहुतेक वेळा सीआर२०३२ असतो. लोगोनंतर विंडोजच अडकलं तरी फॉरमॅट हा शेवटचा उपाय. लागोपाठ काही वेळा सुरू होणं फसलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा आणतं, त्यात स्टार्टअप रिपेअर, सेफ मोड (गरजेपुरत्याच गोष्टींवर विंडोज सुरू करणं), सिस्टिम रिस्टोअर (विंडोज आधीच्या स्थितीत नेणं) हे पर्याय असतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली होती. तेव्हाही उपाय होता तो सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकण्याचा. सुरू न होणं आणि माहिती नष्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिस्कमधून मात्र टक्-टक् किंवा खरखर असा आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. तशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रोग्रॅमही चालवू नका. प्रत्येक प्रयत्नाने ती आणखी खराब होऊ शकते. तिथे डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच जायचं.

आणि यातलं काहीच चाललं नाही, म्हणजे बोर्ड किंवा प्रोसेसरच गेला असेल, तरी फोटोंसाठी हा कॉम्प्युटर सुरू होण्याची गरज नाही. डिस्क काढा, यूएसबीला जोडायचा तिच्या प्रकाराचा अडॅप्टर किंवा केस घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. फोटोंचं फोल्डर बहुतेक ‘युझर्स’मध्ये तुमच्या नावाखाली असेल. उघडताना ४८ अंकी की मागितली तर डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप आहे. ती की बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टच्या त्याच अकाउंटमध्ये साठवलेली असते ज्याने तुम्ही विंडोजला लॉगिन करता. फोनवरून लॉगिन करून ती आजच उतरवून ठेवा, कारण बायोसमध्ये बदल केल्यावर किंवा सेल काढल्यावरही ती मागितली जाऊ शकते.

खरं तर, फोटोंचा जीव एवढा टांगणीला लागला असेल तर डिस्क काढण्याचं कामच आधी करा. फोटो दोन ठिकाणी कॉपी करून, चार-पाच उघडून बघा, आणि मग रॅमकडे वळा.